चित्राच्या पाठीवरचं नाव

मार्च लागला की माझ्याकडे पर्यवेक्षणाचं काम येतं. शिरूर अनंतपाळच्या आमच्या शाळेत वर्गाच्या खिडक्या नेमक्या उन्हाच्या अंगाला आहेत. अकरा वाजेपर्यंत बाकं तापतात, लोखंडी पाय चटके देतात. मुलं येऊन बसतात. मी हॉलतिकीट हातात घेतो, त्यावरचा फोटो बघतो, मग समोरचा चेहरा बघतो आणि सही करतो. दोन सेकंदांचं काम. पण दरवर्षी पहिल्या दिवशी, पहिल्याच बाकापाशी माझा हात थांबतो.

यंदा पहिल्या बाकावर निटूरकडची एक मुलगी होती. मी फोटोकडे बघतच राहिलो. ती चुळबुळली आणि म्हणाली, "सर, मीच हाय ती. फोटोवाल्यानं पावडर जास्ती लावली."

मागची पोरं हसली. मीही हसलो आणि सही केली.

चित्र आणि चेहरा असे शेजारी धरून ताडून बघणारी दुसरी माणसं मी पाहिली आहेत. भर दुपारी, भर बाजारात. त्यांनाही दोनच सेकंद लागले होते.

आमच्या निलंगा भागात मोहाची झाडं दिसत नाहीत. तरी मार्चच्या कोरड्या वाऱ्यात मला मोहाचा वास येतो. गोड, जड, थोडा आंबूस. त्याच्या मागोमाग जळक्या पाल्याचा वास येतो, आणि त्याच्याही मागं तापलेल्या धुळीत सांडलेल्या रक्ताचा. पंधरा-सोळा वर्षं झाली. हे तीन वास अजून एकमेकांपासून सुटे होत नाहीत.

त्या वर्षी मी नांदेडला बी.एड. करत होतो. वडील निलंग्याच्या आडत बाजारात हमाल, आई दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जाणारी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. विष्णुपुरीच्या रस्त्याला एका खोलीत राहायचो. शेजारी पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये निताईबाबू राहायचे. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांच्या मागचे मोर रंगवून ते पोट भरत. बांगलादेशच्या लढाईत, सात वर्षांचे असताना, आईचा पदर धरून ते सीमा ओलांडून आले होते. मग निर्वासितांच्या छावण्या, चंद्रपूरकडचं जंगल आणि पाट्या रंगवत रंगवत नांदेड. वडिलांचं विचारलं की म्हणत, "बाबा उधर राहिले." एवढंच.

रविवारी ते पेस्टलचा डबा उघडायचे. पेस्टल म्हणजे रंगाच्या मऊ कांड्या, आपल्या खडूच्या श्रीमंत बहिणी. त्यांना खरबरीत कागद लागतो. तो नांदेडात मिळेना, म्हणून निताईबाबू हार्डवेअरच्या दुकानातून तपकिरी पॉलिश पेपर आणायचे, सुतार लाकूड घासतात तो. ते म्हणत, या कागदाचा रंग आधीच माणसाच्या कातडीचा आहे, मला फक्त आतला माणूस बाहेर काढायचा. रंग लावला की बोटांनी घासून एकजीव करायचा. कागद बोटं सोलायचा. चित्र पुरं होईस्तोवर त्यांच्या बोटांची टोकं लाल झालेली असत आणि कुठल्या तरी ओठात, कुठल्या तरी कानाच्या पाळीत त्यांचं थोडं रक्त मुरलेलं असे.

मी एकदा हौसेनं घासायला घेतलं तर माझ्या मनगटावर चापट बसली.

"एई! जोरसे नाही. चेहरा आहे, भांडा नाही."

रंग पक्का करायला फवारा मिळतो. तो ते मारू देत नसत. फवाऱ्यानं चेहरा काळवंडतो, जिवंत माणूस मेल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांची चित्रं कायम कच्ची राहायची. बटर पेपरात गुंडाळून ठेवावी लागत. कुणी तळहात फिरवला असता तर माणूस पुसला गेला असता.

चित्रं कोलाम आदिवासींची. किनवटच्या पुढं डोंगरात कोलामांच्या लहान लहान वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. चंद्रपूरच्या जंगलात निताईबाबूंच्या आईला ताप चढला होता, तेव्हा अशाच एका पोडानं मायलेकरांना आठ दिवस ठेवून घेतलं होतं. त्या माणसांचे चेहरे आता आठवत नाहीत, म्हणून त्यांच्या भाऊबंदांचे काढतो, असं ते सांगत. मी त्यांचा डबा आणि फळी उचलायला बरोबर जायचो. बसनं किनवट, तिथून दुसरी गाडी, मग दोन तास चाल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एक म्हातारी लुगडं गुडघ्यापर्यंत सारून निताईबाबूंपुढं येऊन बसली. आपल्याकडे खेडोपाडी बंगाली माणूस म्हटला की सुई मारणारा डॉक्टरच.

"डागतर, इथं मारा सुई. चालू देत न्हाई हे टोंगळं."

"माय, मी सुई नाही मारत. तोंड काढतो."

"तोंड काढून काय करता? तोंड तर हायच." ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, "लई लांबून आला गा हा, अन् आणलं काय, तर खडू."

सगळं पोड हसलं. ती जंगू टेकामची आई. दुसऱ्या खेपेला तिचं चित्र झालं, तिसऱ्या खेपेला जंगूचं.

जंगू बांबू फोडून टोपल्या विणायचा. चित्रासाठी हात थांबवायला तयार नव्हता. "हात चालू द्या. तोंडाचं काय, ते कुठं जाते?" बांबूत कोयता बसायचा आणि काड काड करत बांबू टोकापर्यंत फाटत जायचा. त्या आवाजात निताईबाबू चित्र काढत होते. जंगूचा चेहरा लक्षात राहावा असा नव्हता. बाजारात दहादा धक्का लागला तरी अकराव्यांदा ओळखू येणार नाही असा. मला तर चित्र पुरं झाल्यावर दिसलं की त्याची डावी पापणी उजवीपेक्षा किंचित खाली असते. निताईबाबूंना ते पहिल्या मिनिटात दिसलं होतं.

आणि मी काय केलं? मी नावं लिहिली.

निताईबाबूंना मराठी लिहिता येत नव्हतं. नाव लिहावं असं त्यांना वाटतही नव्हतं. मला मात्र राहवेना. माझ्या वडिलांना आडत बाजारात बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारत. सतरा नंबर, पोतं उचल. मला शाळेत घातलं तेव्हा ते म्हणाले होते, "नाव लिहाया शीक लेका. पुरं लिव्ह. बापाचं, गावाचं. अर्ध्या नावाच्या माणसाला कुणीबी हुसकून लावतं." म्हणून मी प्रत्येक चित्राच्या पाठीवर, अक्षर घोटून घोटून, पूर्ण नाव लिहिलं. नाव, बापाचं नाव, पोड, तालुका. तेवीस चित्रं, तेवीस नावं. आपण यांना काहीतरी देतो आहोत, अशा भावनेनं लिहिलं.

मग मोह गळायला लागला. पोडावरची रीत अशी की फुलं पडायच्या आधी झाडाखालचा वाळला पाला जाळून टाकायचा. जमीन काळी, साफ झाली की पहाटे पडलेली पिवळट फुलं वेचायला सोपी जातात. त्या वर्षी वारा फिरला. जाळ उतारावरून खाली गेला आणि खालच्या मोठ्या जमीनमालकाच्या कडब्याच्या गंजीला लागला.

पुढचं मला नंतर कळलं. मालकाचा भाऊ गडी घेऊन वर आला. समोर जी दिसली ती जंगूची आई. त्यानं तिला केसांना धरून झाडाखालच्या गरम राखेतून ओढत नेलं. जंगूनं कुऱ्हाडीचा दांडा घातला. मालकाच्या भावाच्या खांद्याचं हाड मोडलं. पाल्याच्या धुरात पळापळ झाली आणि जंगू डोंगरात नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि दोन भलत्याच माणसांना झाडाला बांधून मारून गेले. एकाचे दात पाडले. जंगू कोणता हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पिढ्यान्पिढ्या ही माणसं त्यांच्या बांधावरून येत-जात होती, पण त्यांच्या तोंडाकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. सगळे सारखेच दिसतात, म्हणायचे. ते न बघणं हाच त्या दिवसांत जंगूचा आडोसा होता.

आम्हाला नांदेडला एवढंच कळलं की पोडावर मारामारी झाली. कुणी कुणाला मारलं, काही नाही. चित्रांचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. गावातल्या काही हौशी मंडळींनी एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळवला होता.

निताईबाबू म्हणाले, "अभी नको दाखवू."

मी म्हणालो, "आताच तर दाखवायला पाहिजे. लोकांना एकदा चेहरे दिसले की हात उचलणार नाहीत."

तेवीस वर्षांचा होतो. पुस्तकात वाचलेलं सगळं खरं असतं असं वाटायचं. ते डबा आवरायला लागले. पाठीवरची नावं मी कार्डांवर सुबक उतरवली आणि चित्रांखाली लावली.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक तरुण आला. एकेका चित्रापुढं थांबत होता. जंगूच्या चित्राशी आला आणि अदबीनं म्हणाला, "दादा, अक्षर तुमचं का? काय सुंदर आहे." मग विचारलं, "हा कोण?"

असल्या कपड्यांतला माणूस मला आदरानं काही विचारतो आहे, असं तोवर कधी झालं नव्हतं. मी सांगत सुटलो. जंगू टेकाम, बापाचं नाव, पोड, टोपल्या कशा विणतो, बांबू कसा फोडतो. ही पापणी बघा, म्हणालो. आणि कुणी न विचारता वर हेही सांगितलं की आठवडी बाजारात तो जुन्या चिंचेखाली टोपल्या घेऊन बसतो, खरा माणूस बघायचा तर तिथं जा. त्यानं मोबाईल काढला, कार्डासकट चित्राचा फोटो घेतला आणि हात जोडून गेला.

तो मालकाचा पुतण्या होता.

प्रदर्शन संपल्यावर ज्याचं चित्र त्याला द्यायचं, असा निताईबाबूंचा शब्द होता. जंगूचं चित्र फळीला बांधून आम्ही पहिल्यांदा त्याच्याकडेच निघालो. पुतण्या येऊन गेल्याच्या चौथ्या दिवशी बाजार होता. जंगू डोंगरातून उतरून टोपल्या घेऊन बसला होता. आपल्याला कुणी ओळखत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही बसमधून उतरलो तेव्हा चिंचेखाली गर्दीचं कडं झालं होतं. मी आत घुसलो. सहा-सात जण. एकानं जंगूचं तोंड हनुवटीला धरून वर केलं होतं, दुसऱ्यानं मोबाईल त्याच्या गालाला लावून धरला होता.

"पापणी बघ, पापणी. डावी."

"हाच हाय."

मग एकानं मोबाईलवरून मोठ्यानं वाचलं. नाव, बापाचं नाव, पोड. मी लिहिलं होतं त्याच क्रमानं. आणि पहिला बांबू बसला.

तोच बांबू. जंगूनंच टोपल्यांसाठी फोडून आणलेला. फाटक्या बांबूला धारा असतात. मारताना तो नुसता लागत नाही, कापतो. जंगू ओरडला नाही. टोपल्या फुटल्या, मोहाची फुलं घेऊन बसलेल्या बाईची पाटी उलटली, फुलं पायांखाली चिरडली आणि तो गोड वास धुळीवर पसरला. पहिल्या काही फटक्यांनंतर ते अंगावर मारेनासे झाले. तोंडावरच मारायला लागले. आधी न बघितलेलं तोंड आता त्यांना बघवत नसावं.

बाजार बघत होता. मीही बघत होतो. माझे पाय उचलले नाहीत. मला कारणं देता येतील, पण खरं एवढंच की ते उचलले नाहीत.

निताईबाबू गेले. पंचेचाळिशी गाठलेला, चष्मा लावणारा माणूस. जंगूवर आडवे पडले आणि डोक्यावर उजवा हात धरला. त्या हाताची दोन बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बांबू फाटतो तसाच, पण लहान.

नांदेडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, हाताला प्लास्टर घातलेले निताईबाबू पहिल्यांदा वडिलांविषयी बोलले. घर सोडून सगळे घाटावर नावेची वाट बघत उभे होते. खूप गर्दी होती. शोधायला आलेल्या सैनिकांना वडील ओळखू येत नव्हते. ओळखीच्या एका माणसानं नुसतं बोट केलं.

"बोट केला, तो मास्टर होता," ते म्हणाले. "आमच्या इस्कूलचा. आच्छा माणूस." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दोन दिवसांनी शेडपुढं जीप थांबली. मी शेडमध्ये होतो, खिडकीतून पांढरा शर्ट ओळखला. पुतण्याबरोबर चौघे होते. बाहेर निताईबाबूंना तो त्याच अदबीनं सांगत होता, "काका, त्या दिवशी जाळापाशी सात-आठ जण होते. बाकीची चित्रं दाखवा. फोटो काढतो, जातो."

निताईबाबू दारात आडवे उभे राहिले. "चाय पिऊन जा. पहिल्यांदा आला. चाय तो पिऊन." बोलता बोलता त्यांनी डावा हात पाठीमागं नेला आणि तळहात हवेत गोल गोल फिरवला.

मला कळलं. चित्रं फाडावीत तर पॉलिश पेपर लवकर फाटत नाही, आणि फाटला तरी तुकडे जुळवता येतात. मी बावीस चित्रं जमिनीवर मांडली, गुडघ्यांवर बसलो आणि तळहात टेकवला.

पहिलं जंगूच्या आईचं होतं. कपाळ, मग डोळे, मग ते हसतं दात पडलेलं तोंड. एका हातानं जात नव्हतं म्हणून दोन्ही हातांनी घासलं. रंगाखाली कागद होता आणि कागद माझी कातडी घेत होता. पाचव्या चित्राला तळहात पेटले. दहाव्याला ओले झाले. मी प्रत्येकाला नावानं ओळखत होतो, कारण नावं मीच लिहिली होती. पुसताना ती आपोआप तोंडात येत होती, बापाच्या नावासकट. सगळी माणसं एकाच रंगाची होत चालली होती. तपकिरी, लाल, चिखलासारखी. शेवटी चित्रं उलटी केली आणि पाठीवरची नावं ब्लेडनं खरवडली.

ते आत आले तेव्हा मी ब्लेड हातात घेऊन बसलो होतो. पुतण्यानं एक कागद उचलला, दुसरा उचलला. मग माझ्या कानाखाली अशी बसली की मी चित्रांवर पडलो.

"मास्तर व्हणार हाय म्हणं हा!" तो म्हणाला. त्याची शुद्ध भाषा तेवढ्यात गळून पडली होती. जाताना पेस्टलच्या डब्यावर बूट ठेवून तो उभा राहिला, आणि आतल्या कांड्या एकेक करून मोडल्याचं ऐकून मगच गेला.

निताईबाबूंनी डाव्या हातानं माझे तळहात धुतले. पाणी बराच वेळ रंगीत येत होतं. त्यातला रंग कोणता आणि रक्त कोणतं हे सांगता आलं नसतं. त्यांनी बावीस कागदांकडे बघितलं. आठ महिन्यांची मेहनत होती.

"आता बराबर घासलं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मी तळहातांना पट्ट्या बांधून बी.एड.चे पेपर दिले. पेन दोन बोटांत धरून लिहिलं. उत्तरपत्रिकेवर पहिल्या पानाला डाग पडला. पर्यवेक्षकांनी हॉलतिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सही केली. पास झालो. वडिलांनी आडत बाजारात पेढे वाटले.

जंगूचा डावा डोळा गेला. दवाखान्यातून सुटायच्या दिवशी मी त्याचं चित्र घेऊन गेलो. ते फळीला बांधलेलं माझ्या खोलीत होतं म्हणून पुसायचं राहिलं होतं. बाजाराचं मीच सांगितलं, हेही सांगितलं. सांगताना मान वर करवली नाही. त्यानं उरलेला डोळा चित्राजवळ नेला. दोन डोळ्यांच्या त्या माणसाला बराच वेळ बघत राहिला.

"तुमी लिहिलं लई चांगलं होतं मास्तर," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच सोसवेना. "त्यायनं बापाचं नावसुद्धा बरोबर घेतलं."

"हे तुमचं आहे. घेऊन जा."

"हे घेऊन लपू कुठं? तुमीच ठेवा. मागचं खोडा तेवढं."

त्याची आई दारात गाठोडं घेऊन उभी होती. ती माझ्याशी बोलली नाही. महिन्याभरानं पोडावर गेलो तर चुली गार होत्या. छपरांचे बांबूसुद्धा सोडवून नेले होते. सगळी वस्ती उठून गेली होती. खाली बांधावर एक माणूस उभा राहून मला बघत होता. मी कुणालाच पत्ता विचारला नाही. निताईबाबू दोन वर्षांनी नांदेड सोडून गेले. बोटं वाकडी जुळली होती, पाट्या रंगवता येत, चेहरे नाही. कुठं जातो ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी तेही विचारलं नाही. विचारणाऱ्यांची मला धास्ती बसली होती.

ते चित्र माझ्याकडे आहे. काचेत, भिंतीवर. रंग अजून कच्चाच आहे. कोणी पाहुणा आला की चहा पिता पिता विचारतो, "सर, हे कोण हो?" मी म्हणतो, ओळखीतले आहेत. नाव, गाव विचारतात. मी दुसरा विषय काढतो.

परवा, परीक्षेचा पहिला पेपर झाला त्या संध्याकाळी माझ्या मुलीनं विचारलं. आठवीला आहे. तिचं अक्षर माझ्यासारखंच आहे, घोटीव. म्हणाली, "पप्पा, एवढं तरी सांगा. याचं नाव काय?"

मी तिला सगळं सांगितलं. मोहाचं, जाळाचं, बाजाराचं, माझ्या न उचललेल्या पायांचं. नाव सोडून.

इथंही तेच केलं आहे. जंगू टेकाम हे त्याचं नाव नाही. ते पोड किनवटच्या त्या बाजूला नव्हतं, बाजारात चिंचही नव्हती, आणि पापणीही दुसरी होती.